आमेनपर्यंतचा उपवास

गेल्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी पावणेचारच्या सुमारास माझ्या आईने चर्चमध्ये, पुढून दुसऱ्या बाकावर बसून, केळं खाल्लं. त्या वेळी उपासना चालू होती, असं काहींचं म्हणणं आहे. काहींच्या मते ती संपली होती.

बाहेरच्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. आईला तो किरकोळ नव्हता, कारण तिचा उपवास उपासनेच्या शेवटच्या आमेनला सुटणार होता.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चमधली कुटुंबं, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत साखळी उपवास धरते. या दिवसांना लेंट म्हणतात. लेंटच्या पहिल्या दिवशी, राख बुधवारी, संध्याकाळी चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, एकेक दिवस पुकारतात आणि ज्याला जमेल तो हात वर करतो. त्या दिवशी त्याने सूर्योदयापासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. प्रार्थना झाली की पुढच्या घरी फोन करून सांगायचं, "आमचं झालं, आता तुमचं." शेवटचा दिवस उत्तम शुक्रवारचा. त्याची प्रार्थना घरी होत नाही, चर्चमध्ये होते. बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते आणि तिच्या अखेरच्या आमेनला साखळी पुरी होते.

हा शेवटचा दिवस आईचा होता. लग्न होऊन सोलापुरात आल्यानंतर दोन-तीन वर्षांत तिने तो घेतला, कारण भर उन्हाळ्यातला, तीन तासांच्या उपासनेचा दिवस घ्यायला कोणी तयार नव्हतं. पुढे ते ठरूनच गेलं. तो दिवस पुकारताना पाळक कोणीही असो, बघायचा आईकडे.

उपवासाच्या दिवशी ती डोक्याला तेल लावून चापूनचोपून वेणी घालत असे आणि ठेवणीतलं पातळ नेसत असे. उपवास चेहऱ्यावर दिसू नये, अशी आम्हाला शिकवण आहे. परिणाम उलटाच होई. आई एवढी नीटनेटकी दिसली की सगळ्या गल्लीला कळायचं, बाईचा आज उपवास आहे.

गेल्या लेंटच्या आधीच्या हिवाळ्यात तिला इन्सुलिन सुरू झालं. गोळ्या आधीपासून होत्या. राख बुधवारच्या आधी कमिटीची सभा झाली. कमिटीवर एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सत्तरीपुढच्या आणि सुई घेणाऱ्या सभासदांना साखळीतून मोकळं करावं आणि त्यांना मंडळीच्या प्रार्थनेत आठवावं, असं त्यांनी सुचवलं. हेतू चांगला होता. ठराव मंजूर झाला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी आजारी आणि वयोवृद्ध सभासदांसाठी प्रार्थना करताना आईचं नाव घेतलं.

आई घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, "इतकी वर्षं मी प्रार्थना करणाऱ्यांत होते. आता प्रार्थनेच्या विषयात गेले."

"काळजीपोटी केलंय त्यांनी," मी म्हणालो.

"काळजी करा की. मला बाहेर कशाला काढायलात?"

त्यानंतर तिचं एकच मागणं होतं. तिचा दिवस तिला परत हवा होता.

ती पाळकसाहेबांकडे गेली. ते तरुण आहेत, सौम्य आहेत आणि निर्णय घ्यायची वेळ आली की दुसऱ्याचं मत विचारतात. ते म्हणाले, डॉक्टरांनी हो म्हटलं तर माझी हरकत नाही. कमिटीला ते समजावतील, असंही म्हणाले. म्हणून मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

आमचे डॉक्टर मुसलमान आहेत. त्या वर्षी लेंट आणि रमजान एकमेकांवर आले होते आणि ते स्वतः रोज्यात होते. त्यांचे ओठ सुकले होते. आईचं बोलणं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजी, मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेलो नाही. उपवासाविरुद्ध बोलायला मला लावू नका. पण आमच्यात आजाऱ्याला सूट असते."

"आमच्यातपण असते की."

"मग घ्या ना."

"सूट म्हणजे जबरदस्ती न्हवं डॉक्टर. सूट आहे म्हणून ती घेतलीच पाहिजे असं कुठंय?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो की मी विरोधात आहे.

"हा कधी एक जेवण चुकवलेला माणूस नाही," आई म्हणाली. "आधी स्वतः धरून बघ म्हणावं, मग मला शिकव."

डॉक्टरांनी चष्मा परत लावला. अखेर त्यांनी अटी घातल्या. उजाडायच्या आत तिने पोटभर खायचं. सकाळचा इन्सुलिनचा डोस कमी करायचा. दुपारी साखर तपासायची आणि सत्तरच्या खाली आली तर तिथंच उपवास संपला. घाम फुटला, हात थरथरले किंवा बोलणं भरकटलं तर मशीनची वाट न बघता गोड काहीतरी द्यायचं.

"उपवास सुटणार किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"आमेनला," आई म्हणाली.

"आमेन किती वाजता असतं?"

"तीनला."

त्यांनी तीनच्या हिशोबाने डोस लिहून दिला. मला म्हणाले, "हे लपूनछपून करतील, त्यापेक्षा सांगून करू देत. पण जबाबदारी तुमची."

आईला तिचा दिवस परत मिळाला. पाळकसाहेबांनी डॉक्टरांवर सोपवलं होतं, डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं. मी सोपवावं असं पुढे कोणी नव्हतं.

आईच्या टोमण्यामुळे मी त्या वर्षी लेंटमधले शुक्रवार धरले. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्यांचा मजकूर कापून जागेत बसवणं हे माझं काम. उपवासाने मन शांत होतं आणि प्रार्थनेला जागा होते, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. माझा अनुभव नोंदवायचा तर तो असा: अकरा वाजता डोकं दुखू लागे. एक वाजता शेजारच्या टेबलावरच्या डब्यातल्या शेंगाचटणीचा वास येई आणि दिवसाचं उरलेलं लक्ष तिथं जाई. तीन वाजता मी वार्ताहरांवर खेकसत असे. चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांच्या बैठकीची एक बातमी मी इतकी कापली की त्यात बैठक कुठं झाली तेच राहिलं नाही. प्रार्थना करायला बसलो की भाकरी आठवे. मन मोकळं होण्याऐवजी एकाच गोष्टीने भरून जाई.

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तेच की. आत काय भरलंय ते दिसतं. एरवी आपण वर भाकरी घालून झाकून ठेवतो."

उत्तर पटण्यासारखं होतं, आणि त्यामुळे मी जास्तच वैतागलो.

घरात दुसरी अडचण होती ती समोरच्या फ्लॅटची. जुळे सोलापूर या वस्तीत आमच्या समोर एक लिंगायत कुटुंब राहतं. त्या बाई मैंदर्गीच्या. दर सोमवार धरणाऱ्या. दुसऱ्याच शुक्रवारी, मला सुट्टी होती तेव्हा, दुपारी त्या झाकलेली ताटली घेऊन दारात आल्या.

"काकू, उपास हाय न्हवं तुमचा?"

उपवास माझा होता; एकटीसाठी आई भाकरी थापत नसे, शिळी खाई. पण उपवास सांगायचा नाही आणि खोटंही बोलायचं नाही.

"सांगू नगा तुमी. मला कळतंय की. शुक्रवारी तुमच्यातनं भाकरी थापायचा आवाजच येईना. खिचडी आणलीय, घ्या. शेंगदाण्याचा कूट लई घातलाय."

"अगं, आमच्यात साबुदाणा नसतो उपवासाला."

"आं? मग भगर करून आणू का?"

"भगरपण नसते."

"मग चालतंय तरी काय?"

"पाणी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"अव्वा! निस्तं पाणी? मग ह्यो उपास हाय का शिक्षा हाय?"

त्या ताटली ठेवूनच गेल्या. ती परत करणं म्हणजे उपवासाचा डांगोरा पिटणं, असं आईचं मत पडलं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, गार होऊन दगड झालेली ती खिचडी आम्ही दोघांनी खाल्ली. रात्री आईची साखर तीनशेच्या वर गेली. पुढच्या शुक्रवारी बाईंनी आठवणीने भगर आणली.

उत्तम शुक्रवारी आई अंधारातच उठली. दूध-भाकरी खाल्ली, कमी केलेला डोस घेतला, डोक्याला तेल लावलं. चुकणाऱ्या दोन वेळच्या भाकऱ्यांचं पीठ मोजून डब्यात टाकलं. हे पीठ लेंट संपल्यावर वृद्धाश्रमाला जातं. मी पिशवीत साखर तपासायचं मशीन, दोन केळी आणि पाण्याची बाटली घेतली. निघण्यापूर्वी तिची साखर एकशे बारा होती. आम्ही बाराच्या आधी बाकावर होतो. मीही उपाशी होतो.

या उपासनेत ख्रिस्ताने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. प्रत्येकाला वीस मिनिटं दिलेली असतात. मधे गीतं असतात. पहिले वक्ते अर्धा तास बोलले. दुसरे पाऊण तास, तिसरेही जवळपास तेवढेच. तिसऱ्या उद्गाराच्या वेळी वीज गेली आणि पंखे थांबले. बाहेर एप्रिलचं ऊन होतं. लोकांनी उपासनेचे छापील कागद हलवायला सुरुवात केली. चौथ्या उद्गारावर बोलणाऱ्या बाई दहा मिनिटांत संपवून खाली बसल्या. त्या एकट्यांनीच वेळ पाळली. तरी पाचवे वक्ते उभे राहिले तेव्हा तीन वाजायला आले होते.

पाचवा उद्गार तहानेचा. त्यावर बोलायला निवृत्त मुख्याध्यापक होते.

त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की ते थोडक्यात आटोपतील. मग पाण्याचं महत्त्व आलं. मग त्यांच्या लहानपणीचा दुष्काळ आणि टँकरच्या रांगा. मग या लेंटमध्ये त्यांनी स्वतः सोडलेला चहा. चहा सोडल्याने पहिल्या आठवड्यात काय झालं, दुसऱ्यात काय झालं, तेही आलं. पुढ्यात तांब्या-भांडं होतं. बोलताना ते मधेमधे दोन घोट घेत होते. घेतल्यावर भांडं खाली ठेवल्याचा आवाज सबंध चर्चमध्ये ऐकू जाई.

तीन वाजून गेले. मी आईला हळूच म्हणालो, "मशीन काढू का?"

"उपासनेत सुई नको."

"डॉक्टरांनी तीन सांगितले होते."

"आमेन व्हायचंय अजून."

डॉक्टरांनी सांगितलेली पहिली खूण घामाची होती. मी आईकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता. पुढच्या बाकावरच्या माणसाचा शर्ट पाठीला चिकटला होता. पाळकसाहेबांच्या झग्याची कॉलर ओली होती. मुख्याध्यापक रुमालाने मान पुसत होते. माझ्या हनुवटीवरून थेंब पडत होते. त्या चर्चमध्ये घाम न आलेलं एकही माणूस नव्हतं. दुसरी खूण हातांच्या थरथरण्याची. आईचे हात पदराखाली जोडलेले होते.

साडेतीनला मुख्याध्यापक म्हणाले, "आता शेवटचा मुद्दा." मी पाळकसाहेबांकडे बघून घड्याळावर बोट ठेवलं. त्यांनी मला दोन्ही तळहात दाखवले. याचा अर्थ, मी काय करू. बोलणाऱ्याला थांबवायची आमच्यात पद्धत नाही. मी आयुष्यभर लोकांचा मजकूर कापत आलो. छापायला जाण्याआधी कोणाचाही परिच्छेद उडवण्याचा मला अधिकार असतो. तिथं माझ्याकडे दोन केळी होती.

शेवटच्या मुद्द्याचे तीन उपमुद्दे निघाले. दुसऱ्यावर असताना आईने माझा हात धरला. तिची बोटं गार होती.

"तुझे बाबा कुठं बसलेत रे?" तिने विचारलं.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

मी पिशवीतून केळं काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते बघितलं आणि मान हलवली.

"आमेन झालं का?"

मी चर्चमध्ये सहसा आमेन म्हणत नाही. ओठ हलवतो. त्या दिवशी मी मोठ्याने म्हटलं. दैनिकाच्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हाक मारतात, तेवढ्या आवाजात.

"आमेन!"

मंडळीने माझ्यामागोमाग ते म्हटलं. त्यात कोणाचा काही विचार नव्हता. कोणी आमेन म्हटलं की आमेन म्हणायचं ही सवय आहे, आणि माणसं तीन तासांहून जास्त वेळ गरमीत बसलेली होती. उजवीकडचे चार बाक तर उभेच राहिले. पेटीवाल्याने शेवटच्या गीताचा सूर धरला. मागे कोणीतरी चपला शोधू लागलं. मुख्याध्यापक एका वाक्याच्या मधोमध होते. ते वाक्य तिथंच राहिलं.

आईने केळं सोललं आणि खाल्लं. मी तिथंच तिच्या बोटाला सुई टोचली. तिने विरोध केला नाही. मशीनवर एकोणपन्नास आकडा आला. पहिल्या केळानंतरचा. मग तिने दुसरं खाल्लं.

पाळकसाहेब उभे राहिले. त्यांनी खाली आईकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि उभ्या राहिलेल्या लोकांना बसायला सांगितलं. सहावा आणि सातवा उद्गार त्यांनी फक्त वाचून दाखवले. आशीर्वाद दिला. पुन्हा एकदा आमेन झालं. तेव्हा चारला पाच-दहा मिनिटं कमी असावीत. आईने दुसऱ्या आमेनलाही सगळ्यांबरोबर आवाज दिला. तोपर्यंत तिला बाबा गेल्याचं आठवलं होतं. तिने मला ते सांगितलं नाही, पण माझा हात सोडला.

दारात मुख्याध्यापक भेटले.

"दोनच मिनिटं राहिली होती," ते मला म्हणाले.

"सर, आईची साखर एकोणपन्नास होती."

"म्हणूनच मी सुचवलं होतं ना, वयोवृद्धांनी भाग घेऊ नये."

यावर मी जे बोललो ते इथं देण्यासारखं नाही. माझा उपवास त्या वेळी अजून सुटलेला नव्हता. आईने माझी बाही ओढली.

रिक्षात मी तिला म्हणालो की पुढच्या वर्षी हा दिवस घ्यायचा नाही.

"का बरं?"

"का म्हणजे? तुला बाबा दिसायला लागले होते."

"दिसले कुठं? मी विचारलं फक्त." मग थोड्या वेळाने, "मंडळी आमेन म्हणाली. मग मी खाल्लं. आधी नाही."

"सुरुवात मी केली होती, आई."

"तुझा आवाज मला कळत नाही होय रे? चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला." ती बाहेर बघत होती. "पण म्हणाली ती सगळी मंडळी."

ईस्टरनंतर कमिटीची सभा झाली. त्या वर्षीची साखळी पुरी झाली की शेवटच्या कडीला तुटली, हा विषय निघाला. मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की सात उद्गार पुरे होण्याआधी झालेलं आमेन हे आमेन नव्हे. एका सभासदाने विचारलं की मग सगळ्यांनी जे म्हटलं ते काय होतं. पाळकसाहेबांनी वरिष्ठांचं मत मागवू, असं सांगितलं. ते मत अद्याप आलेलं नाही.

समोरच्या बाईंना आईने सगळं सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "येवढं करून शेवटी केळंच खाल्लात न्हवं काकू? आमच्या उपासाला चालतंय की ते! आदीच खायचं हुतं." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही.

यंदाच्या राख बुधवारी मी तिच्या शेजारी बसलो होतो. पाळकसाहेबांनी दिवस पुकारायला सुरुवात केली. शेवटचा दिवस आला तेव्हा त्यांनी आईकडे बघितलं नाही, कागदाकडे बघितलं. आईने हात वर केला. दुसरा कोणाचाही हात वर आला नाही. पाळकसाहेब थांबले. मुख्याध्यापकांनी ठरावाची आठवण करून दिली नाही. दिवस आईच्या नावावर लागला.

त्या रविवारी वयोवृद्धांच्या प्रार्थनेतही तिचं नाव घेण्यात आलं.

डॉक्टरांकडे आम्ही गेल्या आठवड्यात जाऊन आलो. या वेळी त्यांनी तीनच्या नव्हे, साडेचारच्या हिशोबाने डोस लिहून दिला आहे. केळी चार न्यायला सांगितली आहेत.

उत्तम शुक्रवारचे वक्ते परवाच्या सभेत ठरले. संख्या सातच आहे. प्रत्येकी वीस मिनिटं. मागच्या वर्षीचं प्रवचन अपुरं राहिलं असल्यामुळे पाचव्या उद्गारासाठी मुख्याध्यापकांनाच पुन्हा संधी द्यावी, असं कमिटीने एकमताने ठरवलं आहे.